इतिहासाचा धडा आणि आजची दुकानदारी
(एरंडोल येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझे सारे आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यात गेले. तराजू मी कधी हाती धरला नाही. तेव्हा विक्रीच्या विषयावर बोलण्याचा याला अधिकार कोणता, असे कोणी विचारल्यास ते रास्तच होय. परंतु आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज किराणा, कापड किंवा कृषी सेवा केंद्र चालवितात. गिऱ्हाईक दुकानात येऊन वस्तू पाहते आणि घरी जाऊन तीच मोबाइलवर मागविते, ही त्यांची तक्रार माझ्या कानी नित्य येते. वडिलांनी उभारलेले दुकान बंद करावे काय, इथवर काहींची मजल गेली आहे. अशा प्रसंगी इतिहासाला दोन प्रश्न विचारून पाहावेत, असे मला वाटते.

प्रथम आपल्या गावाकडेच पाहू. हे एरंडोल एके काळी जाड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. पुढे गिरणीचा गुळगुळीत व स्वस्त कागद आला आणि हातकागदाचे दिवस सरले. कारागिराचे हात कुशल नव्हते असे नव्हे. गिऱ्हाइकाची गरज पालटली. तात्पर्य, आपला माल चांगला आहे एवढ्यानेच तो खपेल, या भ्रमात कोणी राहू नये. आज गिऱ्हाइकाला काय हवे, हे प्रत्येक दिवाळीला नव्याने पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या कापसाची. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. जळगावची पेठ त्याच काळात भरभराटीस चढली. पण भाव चढताच लोभही चढला. गाठींत सरकी, माती, पाणी व हलका कापूस मिसळू लागले. ही लबाडी इतकी वाढली की १८६३ साली मुंबई सरकारला तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. पश्चिम हिंदुस्थानातून जाणाऱ्या कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत. तो शब्दच हलक्या मालाची शिवी होऊन बसला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि अमेरिकेच्या कापसाने आपली जागा पुन्हा घेतली. चार वर्षांत आपल्याला गिऱ्हाईक मिळाले होते. त्याचा विश्वास मात्र मिळविता आला नाही. भेसळ करणारे थोडे असतील, पण बट्टा सगळ्यांच्या मालाला लागला.

आता भेसळीने रूप पालटले आहे. पैसे देऊन मोबाइलवर खोटे अभिप्राय लिहवून घेणे, सवलत दाखविण्यासाठी मूळ किंमतच फुगवून लिहिणे, ही शब्दांतील भेसळच होय. आणि शेतकऱ्याला खात्री नसलेले बियाणे देणे, ही तर त्याच्या वर्षाच्या भाकरीत केलेली भेसळ! अशी विक्री एकदा होते, दुसऱ्यांदा नाही.

तिसरा धडा उमेद देणारा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. म्हणून त्यांनी नांगर मोडीत काढला नाही, की शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणविले नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. आरंभी कारखान्याची व मालाची माहिती देणारे ते पत्र पुढे महाराष्ट्राचे नामांकित मासिक झाले. जाहिरात ही लोकशिक्षणाच्या अंगाने जाऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या जिल्ह्यातही असा दाखला आहे. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलाल जैन यांनी १९६३ साली ७,००० रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकून व्यापारास आरंभ केला. पुढे त्यांनी ठिबक सिंचन शेतोशेती पोहोचविले. थेंबाथेंबाने पाणी देऊन पीक कसे पोसेल, ही शंका नुसती नळी हातात ठेवून फिटत नाही; शेताची आखणी, खताची मात्रा, नळ्यांची निगा हे सारे समजावून द्यावे लागते. २०१६ साली ते निवर्तले, पण वस्तूबरोबर विद्याही द्यावी, हा त्यांचा पाठ येथे राहिला आहे.

बंधूंनो, मोबाइलवरचा व्यापारी आपल्यापेक्षा स्वस्त देईल. त्याच्याशी केवळ भावात झुंजणे म्हणजे भिंतीवर डोके आपटणे होय. पण कोणत्या जमिनीला कोणते बियाणे, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाला हप्त्याने देणे सोयीचे, हे त्याला दुरून कसे कळणार? बिघडलेली वस्तू हसतमुखाने बदलून देणारे माणूसही त्याच्याजवळ समोर उभे नाही. हे भांडवल आपल्यापाशी आहे. मात्र ते वापरले पाहिजे. गरजेपुरता मोबाइलही अवश्य वापरावा: नवा माल कळवावा, मागणी नोंदवावी, घरपोच द्यावे.

म्हणून मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांचा वर्ग भरवावा. त्यात जुन्या दुकानदारांनी तरुणांना गिऱ्हाईक कसे जपावे हे सांगावे, आणि तरुणांनी वडीलधाऱ्यांना मोबाइलवरची विक्री शिकवावी. दोघांनीही गुरू व्हावे, दोघांनीही शिष्य व्हावे. असे घडल्यास पुढच्या संमेलनापर्यंत आपल्यातील एकही दुकान निराशेपोटी बंद होणार नाही, अशी मला आशा वाटते.