पोटमाळ्यातील डक्ट आणि हिवाळ्यातील पाणी

अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः बॉस्टनच्या परिसरात, बॉयलर आणि रेडिएटर यांच्या उबेवर हिवाळा काढणारी जुनी घरे पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांत वातानुकूलन मागाहून बसवले गेल्याने त्याचे डक्ट, म्हणजे थंड हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या, पोटमाळ्यातून गेलेले असतात. थंडीत ते निरुपयोगी पडून राहतात आणि त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. मग डक्ट खोलीत जेथे उघडतो त्या छतातील जाळीभोवती तपकिरी कडा उमटते, निरभ्र दुपारी जाळीतून थेंब गळू लागतात आणि छप्पर दुरुस्त करणाऱ्याला बोलावणे जाते. वास्तविक ते पाणी छपरातून आलेले नसते, घरातूनच वर गेलेले असते.

मोदकपात्रातील वाफ थंड झाकणाला लागून तिचे थेंब होतात, तसेच येथे घडते. अंघोळ आणि स्वयंपाक यांचे बाष्प उबदार हवेबरोबर वर चढते आणि छतातील जाळीतून डक्टमध्ये शिरते. 21 अंश सेल्सियस तापमानाच्या आणि 40 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे 7 अंश असतो, तर पोटमाळा रात्री शून्याखाली जातो. रात्री डक्टच्या आत गोठलेले दव दुपारच्या उन्हाने वितळते आणि एकाएकी गळू लागते.

झाकणाचे पाणी मोदकांवर पडू नये म्हणून सुगरण झाकणाला फडके बांधते. डक्टला तशी सोय नाही, म्हणून तेथे वाफच अडवावी लागते. डक्टभोवतीचे इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक आवरण, वाढवल्याने काम भागेल अशी समजूत आढळते, परंतु बंद डक्टमध्ये उष्णता निर्माण करणारे काहीच नसल्याने आवरण थंडीला केवळ विलंब लावते. आर्द्रता 30 टक्क्यांवर आणली, तरी दवबिंदू 3 अंशांच्या आसपासच राहतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी हवा अडवावी, मग थंडी.

पहिल्या कडाक्यापूर्वी प्रत्येक जाळी खोलीच्या बाजूने बंद करावी. लोखंडी जाळीवर चुंबकीय झाकण बसते. ॲल्युमिनियमच्या जाळीला ते चिकटत नाही, तेथे प्लॅस्टिकचा कागद आणि सहज निघणारी चिकटपट्टी वापरावी. परतीच्या हवेची, म्हणजे खोलीतील हवा यंत्राकडे नेणारी, मोठी जाळी हमखास विसरली जाते. तीच उघडी राहिली, तर उरलेली सर्व मेहनत वाया जाते. जाळीमागचा पत्र्याचा डबा आणि छताचा गिलावा यांतील फटही मॅस्टिकने, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या लुकणाने, भरावी. मात्र ज्या घरात याच डक्टमधून हिवाळ्यात गरम हवा येते, तेथे जाळ्या मुळीच बंद करू नयेत.

स्नानगृहातील पंख्याची नळी पोटमाळ्यातच सोडून दिलेली असणे हा स्वतंत्र आणि गंभीर दोष आहे. उन्हाळ्यात यंत्र सुरू करण्यापूर्वी झाकणे काढण्याची आठवण थर्मोस्टॅटवर चिठ्ठी लावून आजच करून ठेवावी, आणि जाळ्या मोजताना परतीची जाळी धरूनच मोजाव्यात.