घरातले शस्त्र आणि शाळेतले मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी सी.बी.डी. बेलापूर येथे झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी बंदुकीचा विषय कशाला, असे कित्येकींच्या मनात आले असेल. परंतु आपल्यातील किती तरी जणींच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत. तेथील शाळांत मुलांना दार लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात गुपचूप बसण्याची तालीम देतात. का, तर कोणी बंदूक घेऊन शिरलाच तर! हे फोनवर ऐकून आजीच्या पोटात गोळा उठतो. तेव्हा हा विषय परका नव्हे.

14 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेतील सँडी हूक शाळेत 20 बालके आणि 6 स्त्रिया मारल्या गेल्या. मारेकरी तरुणाने आधी घरी स्वतःच्या आईलाच ठार केले होते. आणि त्या बंदुका आईनेच रीतसर विकत घेतलेल्या होत्या.

तेथे एक पक्ष म्हणतो, शस्त्र बाळगणे हा 1791 पासूनचा घटनादत्त हक्क आहे. सज्जनाने निःशस्त्र का राहावे? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. इंग्रजांच्या 1878 च्या शस्त्रकायद्याचा आपल्या पुढाऱ्यांनाही संताप आला होता. परंतु ब्रिटनचे उदाहरण पाहा. 1996 साली डनब्लेनच्या शाळेत 16 मुले व एक शिक्षिका बळी पडल्या. तेथील आयांनी सह्या गोळा केल्या, आणि 1997 साली पिस्तुलांवर बंदी आली. त्यानंतर तेथील शाळेत तसे हत्याकांड पुन्हा झाले नाही.

आपल्याकडे 1959 चा शस्त्रकायदा आहे. परवान्यावाचून बंदूक नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनांहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत, आणि लग्नावरातीत बार काढणे हा गुन्हा ठरला आहे. तरी डिसेंबर 2007 मध्ये गुडगावच्या शाळेत आठवीतल्या मुलाचा वर्गबंधूंनी पिस्तुलाने बळी घेतला. ते पिस्तूल एकाच्या वडिलांचे होते. जुलै 2024 मध्ये बिहारात सुपौल जिल्ह्यात शिशुवर्गातल्या मुलाने दप्तरातून पिस्तूल आणून तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. गोळी हाताला लागली म्हणून तो वाचला. कायदा दारापर्यंत येतो, भगिनींनो. कपाटाची किल्ली घरच्या माणसांच्याच हाती असते.

कोणी म्हणेल, बंदूक नसली तरी मुले मारामारी करतातच. खरे आहे. शस्त्र काढून घेतल्याने राग जात नाही. पण रागाच्या हाती मरण येत नाही. मुठीने झालेले भांडण दुसऱ्या दिवशी मिटते, गोळीने झालेले कधीच मिटत नाही. रागाचे औषध मात्र वेगळे आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे व छळणे निषिद्ध केले. घरी आपण मारत राहिलो, तर बलवानाने दुर्बळाला मारावे हाच धडा मूल शिकणार.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती कुलपात आणि काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत. खंडेनवमीच्या पूजेतही ती मुलांच्या हाती देऊ नये. परदेशातल्या लेकीसुनांना सांगावे, नातू ज्या घरी खेळायला जातो तेथे बंदूक आहे का, हे निःसंकोच विचारा. आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्तालय आपल्या बेलापुरातच आहे. तेथील अधिकाऱ्यांना मंडळात बोलावून परवान्याचे नियम समजावून घ्यावेत.

डनब्लेनच्या आयांनी सह्या गोळा केल्या त्या गावातली मुले गेल्यावर. आपण आधीच जागे होऊ या.