कादंबरी वाचून काय मिळते?



आमच्या वाचन मंडळाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही पंधरा-वीस जण जमतो आणि सर्वांनी वाचलेल्या एका कादंबरीवर बोलतो. एवढेच हे मंडळ. पण एका पालकांनी मला रोखठोक विचारले, "सर, कादंबऱ्या वाचून 'नीट'चे मार्क वाढतात का?"

नाही वाढत. त्यांचा प्रश्न रास्त आहे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांसाठी आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. तासातासाचा हिशेब असतो. तरीही माझे म्हणणे आपण ऐकून घ्यावे.

कादंबरी पोरांना बिघडवते, ही तक्रार जुनी आहे. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या हालांवर आहे. उर्दूतली पहिली मानली जाणारी 'मिरातुल उरूस' (१८६९) डेप्युटी नझीर अहमद यांनी आपल्या मुलींनी वाचावी म्हणून लिहिली. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांत कादंबरी आली तीच मुळी घरातल्या बाईचा प्रश्न घेऊन!

आणि दोन्ही भाषा आपल्या आहेत. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते, शाळा-कचेरीत उर्दू होती. आजोबांचे वाचन उर्दूत, नातवाचे मराठीत, असे कितीतरी घरांत झाले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष फ. म. शहाजिंदे आपल्या मराठवाड्यातलेच. आमच्या बैठकीत मराठी कादंबरीची गोष्ट नातू सांगतो, उर्दूची आजोबा सांगतात.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) आम्ही वाचली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातला एकनाथ शेतकऱ्याचा मुलगा. भरपूर शिकलेला, पण नोकरी नाही, आणि शेतीही साथ देत नाही. चर्चेत बारावीची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "शिकूनही काही झाले नाही तर घरचे काय म्हणतील, ही भीती मलाही वाटते." तिचे वडील मागच्या रांगेत बसले होते. ते काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीला आले ते पुस्तक वाचून. 'नीट'चा प्रश्न विचारणारे पालक हेच.

हमीद दलवाई यांच्या 'इंधन'वर (१९६५) तर दोन बैठका गेल्या. कोकणातल्या एका गावात हिंदू-मुसलमानांचे संबंध कसे बिघडतात, हा तिचा विषय. कोणाला ती खरी वाटली, कोणाला आपल्या समाजावर अन्याय करणारी वाटली. आवाज चढले. पण आमचा एक नियम आहे : ज्याने वाचले नाही त्याने बोलू नये, आणि बोलणाऱ्याने पान दाखवून बोलावे. तो पाळला गेला आणि सगळे चहा पिऊनच घरी गेले. ऐकीव गोष्टीवर मत न बनवण्याची ही सवय विद्यार्थ्यांना जन्मभर पुरेल.

असे मंडळ काढायला पैसा लागत नाही. दहा माणसे जमवा. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रोज एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा. माता-भगिनींना सोयीची वेळ ठेवा. परीक्षेच्या दिवसांत मुलांना सुट्टी द्या, पण परीक्षा संपताच बोलवा.

पालकहो, मार्क मुले वर्गात मिळवतील. त्यांच्या मनात काय चालले आहे, ते मार्कशीटवर येत नाही. त्यासाठी त्यांच्याशी बोलावे लागते, आणि बोलायला निमित्त हवे असते. एखादे पुस्तक ते निमित्त होऊ शकते.