किलिमांजारोची तयारी आणि परतीची वाट

(ज्ञातिसंघाच्या हरिहरेश्वर येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पर्वतारोहणावर बोलण्यास समुद्रकाठचे हरिहरेश्वर हे स्थळ प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु ज्या सावित्री नदीच्या मुखाशी आपण आज जमलो आहोत, ती महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते. तेव्हा डोंगर आणि सागर यांचे नाते या भूमीस नवीन नाही. आपल्या ज्ञातीतील काही तरुण-तरुणींनी आफ्रिकेतील किलिमांजारो चढून जाण्याचा मानस धरला आहे, आणि त्यांच्या घरी 'पाठवावे की न पाठवावे' असा खल चालला आहे. भूगोलाचे शिक्षक म्हणून हा पर्वत आम्ही अनेक वर्षे नकाशावर शिकविला. त्या नात्याने या घरांसाठी आजचे चार शब्द.

हा पर्वत टांझानिया देशात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. शिरा, मावेंझी आणि किबो अशा तीन ज्वालामुखींनी तो बनलेला असून किबोचे शिखर ५,८९५ मीटर, म्हणजे सुमारे १९,३४० फूट उंच आहे. १८८९ साली हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी ते प्रथम गाठले. १९६१ च्या डिसेंबरात तो देश स्वतंत्र झाला, तेव्हा तेथे मशाल व राष्ट्रध्वज नेण्यात आला. म्हणून त्या शिखरास 'उहुरू', म्हणजे स्वातंत्र्य, असे नाव आहे. रूढ वाटांनी जाताना दोरखंडाची गरज पडत नाही, पायी चालत माथा गाठता येतो. या सोपेपणातच त्याचा धोका दडलेला आहे.

समुद्रसपाटीच्या मानाने तेथे हवेचा दाब जवळजवळ निम्मा असतो. आपण कोकणवासी जन्मापासून भरघोस हवेत वाढलेले. आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाईही अवघी १,६४६ मीटर. सह्याद्रीच्या सरावाने पाय व छाती बळकट होतील, पण विरळ हवेची सवय होणार नाही. शरीरबळ आणि ही सवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पैलवानासही उंचीवर डोकेदुखी, उलट्या आणि निद्रानाश गाठतात. दुखणे वाढल्यास फुप्फुसात पाणी साठते वा मेंदूस सूज येते, आणि मग त्वरेने खाली उतरणे हाच खरा उपाय. म्हणून तज्ज्ञांचा संकेत असा की, तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि मधून मधून विश्रांतीचा दिवस घ्यावा. मारांगू वाटेवरील मुक्काम मात्र अनुक्रमे सुमारे २,७२०, ३,७२० आणि ४,७२० मीटरवर आहेत, म्हणजे दररोज हजार मीटर! तेव्हा पालकहो, स्वस्त म्हणून कमी दिवसांची सहल निवडू नका. काटकसर करावयाची तर ती अन्यत्र करावी. अधिकच्या दोन दिवसांचे पैसे म्हणजे जिवाचे मोल समजावे.

तयारीस निदान सहा महिने हवेत. आठवड्यातून चार दिवस पाठीवर ओझे घेऊन चढ-उतार करावा, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, उंचीवरील औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच न्यावीत. शक्य असल्यास आधी हिमालयाची एखादी पायवाट करावी. उत्तरकाशी येथे १९६५ साली स्थापन झालेली नेहरू पर्वतारोहण संस्था शास्त्रशुद्ध शिक्षण देते. बूट घरीच वापरून पायात बसवावेत. अखेरची चढाई बहुधा मध्यरात्री सुरू होते आणि थंडी शून्याखाली दहा अंशांच्याही पलीकडे जाते. म्हणून कोकणच्या पेटीत न सापडणारे उबदार कपडे जमवावे लागतील. मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ, तो टाळावा.

आता प्रवास. पारपत्र व प्रवेशपरवाना यांच्या जोडीस पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. पूर्व आफ्रिकेतून परतताना तिचे प्रमाणपत्र नसल्यास भारतात विलगीकरणात राहावे लागू शकते. उंचीवरून सुटका करण्याचा खर्च भरून देणारा विमा उतरावा. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, हेही सामान बांधताना ध्यानी असावे. मुंबईहून विमानाने नैरोबी, तेथून नामांगाच्या सीमेवरून मोटारीने आरुशा व पुढे पायथ्याचे मोशी असा एक मार्ग आहे. मोशी हे गाव जवळजवळ आपल्या रायगडाच्या माथ्याइतक्या उंचीवर वसलेले आहे. तेथील स्वाहिली भाषा कानी पडताच परकेपणा ओसरेल, कारण दुकानास 'दुका', हिशेबास 'हेसाबू' आणि चहास 'चाय' म्हणतात. पर्वतावरील एका तळाचे नाव तर 'बराफू', म्हणजे बर्फच! पण सर्वांत मोलाचे शब्द 'पोले पोले', म्हणजे हळू हळू. वाटाडे ते पदोपदी उच्चारतात, आणि त्यातच चढाईचे सारे शास्त्र आहे.

वाटाड्याविना चढण्यास तेथे मुभा नाही, आणि सामान भारवाहक वाहतात. एका भारवाहकावर वीस किलोंहून अधिक ओझे घालू नये असा दंडक आहे. त्यांस पुरेसे अन्न, पांघरूण आणि ठरलेली मजुरी मिळते की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. आपले शिखर दुसऱ्याच्या उपाशी पाठीवर उभे राहू नये.

शेवटी मुख्य मुद्दा. येथील प्रदक्षिणा आपण सारे करतो. डोंगर उतरून समुद्राच्या खडकांवरून जाणारी ती वाट ओहोटीच्या वेळीच घ्यावयाची असते. भरती असली की भाविक मुकाट्याने मागे फिरतो, आणि त्याची भक्ती उणी पडली असे कोणी म्हणत नाही. पर्वतावर मात्र आपण वेगळा न्याय लावतो. मुलगा घरून निघण्यापूर्वीच सत्काराची तारीख ठरते, निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, शालीचे माप घेतले जाते. अशा मुलाचे डोके ठणकू लागले तर तो वाटाड्यास सांगेल काय? ज्ञातीपुढे कोणत्या तोंडाने जावे, या धास्तीने तो दुखणे लपवील आणि पुढचे पाऊल टाकील. म्हणजे आपल्या कौतुकानेच आपण त्याची परतीची वाट अडविलेली असेल!

म्हणून या संमेलनापुढे आमची नम्र सूचना अशी की, जाण्यापूर्वी कोणताही सत्कार जाहीर करू नये. आणि पुढे जो सत्कार होईल तो शिखरावर पोहोचलेल्याचा व वेळीच मागे फिरलेल्याचा, एकाच व्यासपीठावर आणि एकाच मानाने व्हावा. मुलांस निरोप देताना आईवडिलांनी 'शिखर सर करून ये' असे म्हणण्याऐवजी आपला जुना शब्द उच्चारावा. आपल्याकडे घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या एका शब्दात आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेले शहाणपण किलिमांजारोवरही तितकेच खरे आहे.