वैमानिकाचे कान

आकाशांत उडणाऱ्या विमानाचे पंख सर्वांना दिसतात. परंतु तें विमान सुखरूप खालीं उतरावयाचें, तर वैमानिकाचे कानहि तितकेच सावध असावे लागतात. एका इंजिनाच्या लहान विमानांत बसलेल्या माणसाभोवतीं सुमारें ९० ते १०० डेसिबलचा गोंगाट अखंड चाललेला असतो. त्या कल्लोळांत नियंत्रण-मनोऱ्यावरून आलेला एक आंकडा चुकीचा ऐकूं आला, तर अनर्थ ओढवावयास वेळ लागत नाहीं. इंग्रजींतील ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ हे शब्द कानाला इतके जवळचे, कीं वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय बोलींत नवाचा उच्चार मुद्दाम ‘नाइनर’ असा ठरविलेला आहे.

याच कारणानें हेडसेट, म्हणजे कानांवर बसणाऱ्या दोन वाट्या व ओठांपुढें येणारा मायक्रोफोन, ही केवळ सोयीची वस्तु नव्हे. १९७५ सालीं अमेरिकेंतील डेव्हिड क्लार्क कंपनीनें गोंगाट अडविणाऱ्या बंद वाट्यांचा हेडसेट वैमानिकांसाठीं बाजारांत आणला. तीन वर्षांनीं, बंगालमधून अमेरिकेंत गेलेल्या एका क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस हे युरोपांतून घरीं परतत होते. विमानांत मिळालेल्या हेडफोनांतील संगीत इंजिनाच्या घरघरींत बुडून गेलें, तेव्हां त्यांनीं त्याच प्रवासांत त्यावरील उपायाचें गणित मांडावयास घेतलें. आंत येणाऱ्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर वाटीमध्यें निर्माण करावयाची, म्हणजे दोन्ही एकमेकींना मारतात, हें त्याचें तत्त्व. १९८६ सालीं ‘व्हॉयेजर’ विमानानें नऊ दिवस कोठेंहि न उतरतां पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां त्यांतील दोघां वैमानिकांजवळ अशाच यंत्राचे प्रायोगिक नमुने होते. १९८९ पासून तें विकत मिळूं लागलें. खोल घरघर त्यानें उत्तम मावळते. तीक्ष्ण आवाज अडविण्याचें काम मात्र वाटीची गादीच करते.

खरी अडचण येते ती देश वा विमान बदलतांना. आकाशांतील बोली एक झाली, पण तारेच्या टोंकाची खुंटी एक झाली नाहीं. बहुतेक देशांतील लहान विमानांना दोन खुंट्या लागतात: ऐकण्याची ६.३ मिलिमीटर जाडीची व बोलण्याची ५.२ मिलिमीटरची. हेलिकॉप्टरांत बहुधा एकच खुंटी असते, आणि एअरबसच्या अनेक विमानांत पांच कांट्यांची जोडणी. जुन्या सोव्हिएट विमानांत तर गळ्याशीं बांधावयाचे मायक्रोफोन असत.

बरें, खुंटी जुळली म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. अमेरिकन लष्करी हेलिकॉप्टराची व मुलकी हेलिकॉप्टराची खुंटी सारखीच दिसते. परंतु लष्करी हेडसेटाच्या श्रवणभागाचा विद्युत्-अवरोध वीस ओहमच्या आंत, तर मुलकीचा साधारणतः दीडशें वा त्याहून अधिक असतो. मायक्रोफोनाची जातहि निराळी. त्यामुळें मोडींत निघालेला लष्करी हेडसेट स्वस्त मिळाला म्हणून घेणाऱ्याचा आवाज मनोऱ्यापर्यंत पोंचतच नाहीं, आणि ती गोष्ट त्याला कित्येकदां धांवपट्टीवर गेल्यावरच कळते. केवळ जोडखुंटीनें हा दोष जात नाहीं. अवरोध जुळविणारें साधन लागतें.

म्हणून घेणाऱ्यानें प्रथम विमान पाहावें, मग दुकान. परदेशीं जाऊन भाड्याचें विमान उडविणाऱ्यास दोन खुंट्यांचा व स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हेडसेट सोईचा. विमानाच्या फळीवरून वीज घेणारा हेडसेट तशी जोडणी नसलेल्या विमानांत कुचकामी ठरतो. बॅटरी संपली तरी बोलणें चालूं राहतें कीं नाहीं, हें आधीं तपासावें. चष्मा लावणाऱ्यानें चष्म्यासकट तासभर तो डोक्यावर ठेवून पाहावा. कारण दांडीमुळें गादी उचलली गेली, तर त्या फटींतून गोंगाट आंत शिरतो. मायक्रोफोन ओठांच्या अगदीं निकट असावा. आणि विमानांतील धोक्याच्या घंटा हेडसेट घालून ऐकूं येतात ना, याची परीक्षा जमिनीवरच करावी.

गेलेली श्रवणशक्ति कोणत्याहि बाजारांत परत मिळत नाहीं. आणि वैमानिकाच्या परवान्यासाठीं कानांचीहि तपासणी होते. हेडसेटाची किंमत करतांना शहाणा माणूस हें आधीं हिशेबांत धरतो.