वाडवडिलांची बंदूक आणि आजचा कायदा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



पुष्कळ जुन्या घरांत वाडवडिलांची एखादी बंदूक माळ्यावर जपून ठेवलेली असते. ज्यांच्या नावे परवाना होता ते निवर्ततात. बंदूक मात्र तेथेच राहते. कुटुंबीय तिला स्मृतिचिन्ह मानतात, कायदा विनापरवाना शस्त्र मानतो. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची मंडळाची आज्ञा मी आनंदाने स्वीकारली.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीपासून साध्या विनापरवाना बंदुकीसही सामान्यतः किमान २ व कमाल ५ वर्षे कारावास सांगितला आहे.

परंतु घरात शस्त्र सापडले एवढ्यानेच घरातील प्रत्येक जण अपराधी ठरत नाही. गुनवंतलाल खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा होय. ज्या सुनेला माळ्यावरील पेटीत काय आहे हे ठाऊकच नाही, तिला हा बचाव आहे. मात्र त्याच निर्णयाची दुसरी बाजूही ध्यानी ठेवावी: शस्त्र दुसऱ्याच्या हाती असूनही त्यावर ज्याची सत्ता चालते, तो ताबेदार ठरू शकतो.

दुसरे असे की, कलम ३ खालील गुन्ह्याचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून चालविता येत नाही. हे कलम ३९ चे बंधन आहे. तिसरे, कलम ४५ अन्वये कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे. पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणारे नसावे. नुसता गंज पुरत नाही.

अटक झालीच तर कारण जाणण्याचा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क संविधानाचे २२ वे कलम देते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती २० व्या कलमाने निषिद्ध केली आहे. झडतीतील वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्यावी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये. कोठडीतील व्यक्तीस व कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न न पाहता, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो.

तथापि सर्वोत्तम बचाव खटल्यापूर्वीचाच. परवानाधारक निवर्तताच शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला मग स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो, किंवा कायदेशीर विक्री करता येते. पूर्वजांचा मान त्यांच्या बंदुकीत नसून त्यांच्या नावाला डाग न लागू देण्यात आहे.