निर्वासितांचा टीबी: वळिवडे ते जोगेश्वरी

बोलतेय जोगेश्वरीतून, पण सुरुवात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापासून करते.

1943 ते 1948 मध्ये तिथे पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. सोव्हिएत सरकारने 1940-41 मध्ये त्यांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. उपासमार, थंडी, मग इराणमार्गे इथवर. टीबीचं कसं असतं, जंतू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. शरीर खंगलं की उठतो. म्हणजे माणूस सुरक्षित जागी पोचलेला असतो आणि खोकला तेव्हा सुरू होतो! टीबीचा धोका असलेल्या या पोलिश मंडळींसाठी पाचगणीला आरोग्यकेंद्र होतं. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अमेरिकेत सापडलं खरं, पण इथल्या रुग्णाच्या हाती कुठलं यायला? तेव्हा इलाज म्हणजे चांगली हवा, सकस खाणं, विश्रांती.

पुढे 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं की घरी राहून औषधं घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो. घरच्यांना लागणही जास्त होत नाही. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला त्याने हातभार लावला. पण बघा, यात 'घर' गृहीत धरलंय.

युद्धातून पळालेल्याकडे नेमकं तेच नसतं. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, नंतर चार महिने तीन. थोड्याच आठवड्यांत बरं वाटतं, तेवढ्यात छावणी हलली की गोळ्या सुटतात, आणि अर्धवट औषधांतून चिवट टीबी तयार होतो. आपल्याकडे पोषणाचे महिना 1000 रुपये बँक खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 आधी 500 होते. बऱ्याच निर्वासितांकडे आधार नसतं, मग खातं उघडणंही अवघड. गोळी हातात पडली तरी दुधाचे पैसे अडकतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण आजार उठतो तोच मुळी उपासमारीतून.

आपल्या जोगेश्वरीत युद्ध नाही, पण अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलणारे, कोर्स सुरू असताना गावी जाणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी एवढंच सांगते: निघण्याआधी हेल्थ पोस्टला कळवा. तुमचा निक्षय नंबर लिहून घ्या, तो देशभर चालतो. प्रवासात पुरतील तेवढ्या गोळ्या मागून घ्या, आणि पोचलात की दुसऱ्याच दिवशी तिथलं सरकारी केंद्र गाठा.